तुटक रेघ

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची नात कॅनडात असते. तिनं तिथून आमच्या घराण्याची वंशावळ इंटरनेटवर मांडली आणि घरातल्या अकरा जणांना तिच्यात भर घालायची मुभा दिली. पुण्यातल्यांनी फोटो टाकले. मी मोताळ्यात राहतो, म्हणून कागद शोधायचं काम माझ्याकडं आलं. पुराव्याशिवाय जन्म नोंदवायचा नाही, हा नियमही मीच घालून दिला.

पूर्वी गावातले जन्ममृत्यू कोतवाल बुकात लिहीत. आजोबांच्या तिघा लेकरांपैकी माझे वडील आणि आत्या, दोघांचे जन्म त्यात सापडले. मोठेबाबांचा नाही. मी आधीची पाच वर्षं पाहिली, नंतरची पाच पाहिली. रकाना कोरा ठेवला असता तर कोणी विचारलं नसतं. पण एकशे त्रेचाळीस नावांतला तो एक कोरा रकाना मला जेवतानाही दिसायचा.

आत्या बोलता बोलता म्हणाली, आईचं पहिलं घर उंद्रीकडं होतं, तो नवरा लवकर वारला. उंद्रीकडची जुनी बुकं चिखलीच्या तहसिलात असतात, तिथं मी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला नोंद मिळाली. तारीख मोठेबाबांच्या शाळेच्या दाखल्याशी दिवसासकट जुळत होती. बापाच्या रकान्यात त्या पहिल्या नवऱ्याचं नाव होतं. म्हणजे मोठेबाबा आजीचं बोट धरून आमच्या घरात आले होते. त्यांना स्वतःला ते आठवत नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

नकलेचा फोटो जोडून मी बापाचं नाव बदललं. त्यासरशी मोठेबाबांपासून आजोबांपर्यंतची सरळ रेघ तुटक झाली. सावत्र नात्याला तिथं तशीच रेघ येते. नावापुढं पुराव्याची हिरवी खूण लागली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती आनंदात होती. म्हणाली, आजोबा, तुमचे खरे बाबा वेगळेच निघाले. ओसरीवर आम्ही सात जण होतो. तिनं पाठवलेलं चित्र मोठेबाबांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि मोबाइल माझ्याकडं वळवला.

"माह्या नावाची रेघ तुटकी काऊन बे?"

मी आतून नक्कल आणून त्यांच्या हातात दिली. सही-शिक्क्याची होती.

मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील गेले. त्यानंतर शाळेच्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून सही मोठेबाबांची आहे. ते सगळे कागद मी क्रमानं लावून ठेवलेत. वंशावळीत पालकासाठी रकाना नाही.

अकरा दिवसांनी अक्षय तृतीया आली. आमच्यात त्या दिवशी घरातला थोरला पुरुष निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकतो. आजोबा गेल्यापासून तो मोठेबाबांनीच टाकला होता, अठ्ठावन्न वेळा. यंदाही ते अंघोळ करून पाटावर येऊन बसले. आत्या पुरणपोळीचं ताट घेऊन आली आणि ताट खाली न ठेवता उभीच राहिली.

"दादा, तू ऊठ. त्याले बसू दे."

त्याले म्हणजे मला. माझे वडील नाहीत, तेव्हा आजोबांच्या रक्ताचा थोरला मीच ठरत होतो. मोठेबाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. मी बसलो तेव्हा पाट अजून गरम होता. पाच नावं घेऊन मी पाच घास टाकले.

ते दाराशी जाऊन बसले होते. जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाले, आधी एक घास माह्या हातावर दे. मी ताट आणून दिला. तो मुठीत धरून त्यांनी विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, पान क्रमांक सांगितला. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा माझ्याकडं बघत, बरोबर आहे का म्हणून.

"दिसाले कसा होता?"

ते लिहीत नाहीत, मी म्हणालो. मरणाचं कारण लिहितात. ताप.

त्यांनी घास परत ताटात ठेवला.