गच्चीवरच्या काळ्या पट्ट्या

पन्नीवाल्या काकांच्या गच्चीवर मला कधी कपडे वाळत घातलेले दिसले नाहीत. लातुरातल्या त्यांच्या दुकानावर चार तारा ताणलेल्या होत्या आणि त्या तारांवर वीतभर रुंदीच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिमट्यांनी लटकत असत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कावळे वाळत घातलेत. काकू कपडे मागच्या बोळात वाळवायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या घरी ऊन पन्नीला लागतं, मानसाला न्हाई."

शेततळ्यात अंथरायची जाड काळी फिल्म काका विकत आणि बांधावर जाऊन स्वतः गरम मशीनने जोडून देत. बिलावर ती 'फिल्म' असे, शेतकरी तिला 'कागद' म्हणत, आणि बाकी सगळं गाव 'पन्नी'. नवा रोल उघडला की काका त्यातून आधी एक पट्टी कापत. तिच्यावर पांढऱ्या रंगाने शेतकऱ्याचं नाव, गाव आणि माल कुठल्या फॅक्टरीचा ते लिहीत आणि ती तारेला लावत. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक पट्टी कानाशी धरून तिची घडी घालत आणि घडीवर अंगठा दाबत. चांगली पन्नी गुमान दुमडते. उन्हाने खाल्लेली पन्नी घडीवर बारीक 'कट्' करते. तसा आवाज आला की काका त्याच दिवशी त्या शेतकऱ्याला फोन करत: तळं काठोकाठ भरू नका, पाण्याच्या वर उघडी राहिलेली पन्नी तडकायला लागली असेल, मी येतो. गिऱ्हाईक मालाची हमी मागायला लागलं की ते बोट वर करून एवढंच म्हणत, "ऊन सांगंल."

मी त्यांच्याकडे आले ती इंग्रजी पत्रं लिहायला. काका आणि बाबा किनवटच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. नांदेडला माझी पदवी झाली होती, एका परीक्षेचा निकाल लांबला होता, आणि मी घरात कुणाशी बोलत नाही ही आईची तक्रार होती. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि इंग्रजी चुकलं की मुलं हसायची, त्यामुळे न बोलणं मला लहानपणीच सोयीचं वाटायला लागलं होतं. पहिल्या दिवशी बाबा मला सोडून गेले. काकांनी जेवलीस का म्हणून तीनदा विचारलं, मी तीनदा मान हलवली. मग ते म्हणाले, "न्हाई बोललीस तरी चालतंय, माय. हितं बोलनारे लई येतात. लिवनारं कुनी न्हाई."

ते दिवस दुष्काळाचे होते. शहरात पाणी रेल्वेने येत होतं. मी दुकानात चहाचा पेला सवयीने भरपूर पाण्याने विसळला, तेव्हा काकांनी ते पाणी खाली बादलीत धरलं आणि दारातल्या कडुनिंबाला घातलं. मला काही बोलले नाहीत. पण नंतर आलेल्या प्रत्येकाला माझी ओळख करून देताना सांगायचे, "नांदेडची हाय. गोदावरीचं वळन हाय हिला."

पट्टीवर नाव लिहायचं काम माझ्याकडे आलं, पण जिल्हा ते लिहू देत नसत. उदगीर जिल्हा होणार ही बातमी तेव्हा दर पंधरा दिवसांनी दुकानात यायची. ती आणणारा माणूस नव्या जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस कुठे होईल तेही सांगून जायचा. काकांचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. ते जन्मले तेव्हा त्यांचा जिल्हा उस्मानाबाद होता, मग लातूर झाला, मग तालुकाही बदलला. "घर हाय तितंच हाय," ते म्हणत. "पट्टीवर गाव लिव. ऊन जिल्हा बघून पडत न्हाई."

त्याच उन्हाळ्यात दिल्लीहून एक जाड सरकारी पाकीट आलं. परदेशातून येणारी पन्नी फार स्वस्त पडत होती, कारण तिथलं सरकार आपल्या फॅक्टऱ्यांना मदत देत होतं. इथल्या फॅक्टऱ्यांनी तक्रार केली होती. आता अशा मालावर जादा शुल्क लावायचं का, याची चौकशी सुरू झाली होती, आणि माल वापरणाऱ्यांनाही प्रश्न विचारले होते: तुम्ही कोणता माल घेता, का घेता, दोन्हींत फरक काय, शुल्क लागलं तर तुमच्यावर काय परिणाम होईल. मी चार दिवस ते वाचून काकांना मराठीत सांगत होते. त्यांनी शेवटी विचारलं, "म्हंजी त्येंचं सरकार त्येंच्या फॅक्टरीला खाऊ घालतंय, आन् उपाशी आपली राह्यलीय. आसंच ना?" मी हो म्हटलं. त्या चौदा पानांचं त्यांनी एक वाक्य केलं होतं.

काकांचा शब्द दोन्ही बाजूंना हवा होता. बाहेरचा माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी छापील पत्र पाठवलं: शुल्क लागलं तर दुष्काळी भागातली शेततळी बंद पडतील, खाली सही करा. दुसऱ्या बाजूने खाजाभाई आले. लातूरच्या ज्या फॅक्टरीत काकांनी बारा वर्षं मशीन चालवलं होतं, तिथे खाजाभाई अजून ऑपरेटर होते. फॅक्टरी एका पाळीवर आली होती, आणि ती पाळीही जाणार असं ऐकू येत होतं. खाजाभाई दर शुक्रवारी नमाजानंतर चहाला येत, पण त्या शुक्रवारी त्यांनी चहा घेतला नाही. बाहेरची पन्नी उन्हात टिकत नाही, तडकते, एवढं लिहून द्या म्हणाले. काका म्हणाले, "खाजाभाई, माझ्या लिवन्यावर कशाला जाता? गच्ची हाय की." मग माझ्याकडे वळून म्हणाले की, सगळ्या पट्ट्यांची यादी कर, कुठली शाबूत, कुठली तडकली. तीच आपण पाठवू.

त्या महिन्यात तळ्यांची कामं इतकी होती की काकांना पहिल्या रविवारी गच्चीवर जाणं जमलं नव्हतं. सोमवारी ते निलंग्याकडे कामाला गेले आणि मी एकटी वर गेले. बाहेरच्या मालाच्या एकोणीस पट्ट्या होत्या. सगळ्या गुमान दुमडल्या. लातूरच्या फॅक्टरीच्याही जवळजवळ सगळ्या चांगल्या होत्या. मग मी एक घडी घातली आणि कानाशी 'कट्' झालं. पट्टीवर लिहिलं होतं: माधवराव, जळकोट. माल लातूरचा. हा रोल काकांनी माधवरावांना स्वतः आग्रहाने दिला होता, आपल्या हातच्या मशीनचा आहे म्हणून. मी पट्टी पुन्हा तारेला लावली. खाली येऊन यादीत तिच्यापुढे 'शाबूत' असं इंग्रजीत लिहिलं.

मी तसं का लिहिलं, हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही. खाजाभाईंचा न प्यालेला चहा मी पाहिला होता. काकांना वाईट वाटेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, कुणाला काही वाईट सांगायची वेळ आली की मी गप्प बसते, तशी बसले. त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याने भरत असलेलं तळं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विहीर आटायच्या आत मिळेल तेवढं पाणी तळ्यात घेतो, असं माधवरावांनी आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं आणि काकांनी घ्या म्हटलं होतं. तो फोन माझ्यासमोरच झाला होता.

गुरुवारी काका परतले. त्यांचा एक नियम होता. मी लिहिलेलं प्रत्येक इंग्रजी पत्र पाकिटात जाण्याआधी मला त्यांना मराठीत वाचून दाखवावं लागे. डोळे मिटून ऐकत. "वाच, माय," म्हणाले. मी यादी वाचायला लागले. नाव, गाव, शाबूत. नाव, गाव, शाबूत. जळकोट आलं तेव्हा माझा आवाज बहुतेक बदलला. काकांनी डोळे उघडले, वर गेले आणि पट्टी घेऊन खाली आले. माझ्या कानाशी धरून त्यांनी घडी घातली.

"ऊन येक बोललं," ते म्हणाले. "तू दुसरं लिवलंस. कधी बगितलं व्हतं?"

"सोमवारी," मी म्हटलं. त्यांनी फोन लावला. माधवराव उचलेनात. तेव्हा त्यांनी जोडणीचं मशीन गाडीत टाकलं आणि मला बस म्हणाले.

तळ्यावर पोचलो तेव्हा माधवराव काठावर उकिडवे बसले होते. तळं बुधवारी काठोकाठ भरलं होतं. वरच्या तडकलेल्या पन्नीतून पाणी आत झिरपलं, मागची माती ढासळली आणि वजनाने पन्नी खालपर्यंत फाटली. निम्म्याहून जास्त पाणी एका रात्रीत गेलं होतं. खालच्या कोरड्या शेतात तेवढाच एक पट्टा ओला होता, आणि त्यावर बगळे येऊन बसले होते. माधवरावांची बाग त्या पाण्यावर उन्हाळा काढणार होती. ते शिव्या देतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पन्नीवाले, तुमी लातूरचा माल हाय म्हनलात म्हनून घेतला मी."

"म्हनलो व्हतो," काका म्हणाले. "चूक माझी हाय. ऊन चार दिवसांमागंच सांगून राह्यलं व्हतं. माझ्याच्यानं ऐकनं झालं न्हाई."

मी त्यांच्या मागे उभी होते. मला पुढे होऊन खरं सांगायचं होतं. सांगितलं नाही. काकांनी उरलेल्या पाण्याच्या वर ठिगळ जोडलं, आणि नवी पन्नी मी घालून देतो म्हणाले. परतताना रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुला वाटलं मला वाईट वाटंल," ते म्हणाले. "वाटलं बी आसतं. पर मला वाईट वाटून पानी ऱ्हायलं आसतं, माय." त्यानंतर हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. बाबांनाही सांगितला नाही.

शुक्रवारी खाजाभाई आले. काकांनी त्यांच्यापुढे पट्टी ठेवली. खाजाभाईंनी ती हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि मग हळू आवाजात सांगितलं की, त्या वर्षी बाहेरच्या मालाशी भावात टिकायचं म्हणून फॅक्टरीने काळा दाणा कमी केला होता. पन्नीला उन्हापासून वाचवतो तो हा काळा दाणा. वरून हुकूम आला आणि त्यांनी मशीनमध्ये कमी ओतला. "मेरे हाथ से हुआ," एवढं म्हणून ते उठले.

काकांनी मग मला पुन्हा लिहायला बसवलं. बाहेरचा माल चांगला आहे, त्याला खोटं नाव ठेवू नका, असं आधी लिहायला लावलं. मग लिहायला सांगितलं की तो फुकटच्या मदतीवर स्वस्त झालाय, आणि त्या स्वस्त भावाशी बरोबरी करताना आमच्या फॅक्टरीचा दाणा कमी झाला आणि जळकोटला एक तळं फुटलं. नुकसान काय झालं असं विचारलंय ना, नुकसान हे झालं. शुल्क लावा, पण लावल्यावर दाणा पुरा पडतोय का तेही बघा. यादी दुरुस्त केली. तडकलेली पट्टी अर्धी कापून पाकिटात घातली. व्यापाऱ्यांनी त्यानंतर वर्षभर काकांना माल उशिरा दिला. खाजाभाई दोन महिने चहाला आले नाहीत, मग एका शुक्रवारी येऊन बसले आणि काकूंनी न विचारता कप ठेवला.

शुल्क लागलं. आमची पट्टी दिल्लीत कुणी उघडून पाहिली का, हे मला माहीत नाही. पन्नी महागली, काही तळी झालीच नाहीत, आणि काकांकडे येऊन लोक त्यांना त्याबद्दल बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं. फॅक्टरीत दुसरी पाळी सुरू झाली. दाणा पुरा टाकलेला पहिला रोल खाजाभाईंनी स्वतः गाडीबरोबर आणून दिला, आणि तो काकांनी माधवरावांच्या तळ्यात अंथरला.

निकाल लागून मला नांदेडला नोकरी मिळाली. निघताना काकांनी त्या रोलच्या दोन पट्ट्या कापल्या. एक स्वतःच्या तारेवर लावली, दुसरी गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. "नांदेडचं ऊन काय म्हनतंय बगू," म्हणाले. मी ती आमच्या गच्चीवर लावली. महिन्याच्या पहिल्या रविवारी काकांचा फोन यायचा. जयभीम झाला की पहिला प्रश्न, मोडली का? मी नाही म्हणायचे. मग ते जेवलीस का विचारायचे आणि फोन ठेवायचे. कित्येक वर्षं आमचं एवढंच बोलणं होतं, आणि मला ते पुरायचं.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. काकू मुलीकडे राहायला गेल्या, दुकान दुसऱ्याने घेतलं, गच्चीवरच्या तारा निघाल्या. माधवरावांच्या रोलची पट्टी आता फक्त माझ्याकडे होती. फोन येत नसला तरी पहिल्या रविवारी मी वर जायचे.

या मार्चमध्ये घडी घातली आणि कानाशी 'कट्' झालं. मी ती तशीच धरून उभी राहिले. माधवरावांशी मी आयुष्यात एकदाही बोलले नव्हते. त्यांचा नंबर मात्र पट्टीच्या मागे काकांच्या अक्षरात होता. मी खाली न जाता तिथूनच फोन लावला. मी कोण ते सांगितलं. पट्टी तडकल्याचं सांगितलं, तळं भरू नका म्हटलं. आणि तळं फुटलं त्या वर्षी पट्टी तडकलेली मी सोमवारीच पाहिली होती आणि बोलले नव्हते, तेही सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ मोटरचा आवाज येत राहिला. मग माधवराव म्हणाले, "थांब, माय." चपलांचा आवाज लांब गेला, आणि मोटर बंद झाली.