जिभेखालची गोळी

माझा मोठा भाऊ मौनी आहे, असं बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत बरीच वर्षं मानलं जायचं. रोज सकाळी चहाच्या आधी तो खिडकीशी बसायचा. ओठ मिटलेले, नजर समोरच्या नारळावर. कोणी दार वाजवलं की वहिनी हळूच सांगायची, "मौन आहे त्यांचं." माणसं चपला न वाजवता परत जायची.

खरं म्हणजे दादाच्या जिभेखाली गोळी असायची. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याला दुखण्यावरच्या जबर गोळ्या सुरू झाल्या होत्या. अफूच्याच कुळातल्या. दुखणं गेलं, गोळ्या गेल्या नाहीत. त्या सोडवायला व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी ही दुसरी गोळी दिली. ती गिळायची नाही. जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत बोलायचं नाही. सोसायटीत व्यसन हा शब्द फिरण्यापेक्षा अध्यात्म फिरलेलं बरं, असं वहिनीने ठरवलं. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. आमच्याकडे लिफ्टमध्ये नुसता बोंबलाचा वास राहिला तरी मीटिंगमध्ये विषय निघतो.

पण अध्यात्माचं एक आहे, ते वाढत जातं. शेजारच्या गुजराती बेन एकादशीला दादाच्या पाया पडू लागल्या. सेक्रेटरींनी वार्षिक पूजेला त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि मौनाच्या महत्त्वावर दोन शब्द बोलायची विनंती केली. यातला विनोद फक्त आम्हा तिघांना कळला. दादाने नुसते हात जोडले. टाळ्या थांबेनात.

"अगं, उद्या माझा फोटो लावतील हे लोक," घरी आल्यावर तो म्हणाला.

"फोटो लावू दे. हार घालू देणार नाही," वहिनी म्हणाली, आणि शाल काढून घेताना तिचा हात त्याच्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला.

गेल्या वर्षी दादा जिन्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याच खांद्याचं हाड मोडलं. मी जवळच्या नर्सिंग होममध्ये पोचलो तेव्हा खाटेभोवती अर्धी सोसायटी उभी होती. दादासाठी आणलेलं शहाळं सेक्रेटरी पीत होते.

"रोजची काही औषधं?" तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं.

पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पेशंटने द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. "बीपीची फक्त," सेक्रेटरी म्हणाले. "बाकी एकदम सात्त्विक माणूस."

"साधी डोकेदुखीची गोळी पण नाय घेत भाई," बेन म्हणाल्या.

"ठीक आहे. खूप दुखतंय त्यांना, कडक इंजेक्शन देते." नर्स ते आणायला वळली.

दादाने वहिनीकडे पाहिलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं: ही गोळी चालू असताना अफूच्या कुळातलं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, आणि लागू पडत नाही म्हणून डोस वाढवत नेला, तर श्वास मंदावतो, थांबूही शकतो. कुठेही ऍडमिट झालात तर आधी हे सांगा. दादाला बोलता येत होतं. पण ही गोष्ट त्याने एकट्याने लपवली नव्हती, मग एकट्याने उघडी कशी करायची, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलली.

"थांबा. इंजेक्शन नको. यांना गोळ्यांचं व्यसन होतं. त्यावरचं औषध चालू आहे, रोज सकाळी जिभेखाली ठेवतात. मौनबिन काही नाही."

शहाळ्यातली स्ट्रॉ तेवढी वाजली.

"बरं झालं आत्ताच सांगितलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी गोळीचं नाव, आजची घेतली का, ते विचारून घेतलं आणि केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. मग म्हणाल्या, "ती गोळी बंद नाही करायची. खांद्याची नस बधिर करू, बाकी या गोळीशी जमतील अशी औषधं देऊ. श्वासावर लक्ष ठेवू."

"त्यांना दुखू देणार नाही ना?" वहिनीने विचारलं.

"का दुखू द्यायचं? व्यसन होतं म्हणून हाड कमी दुखतं का?"

तेव्हा कुठे वहिनी रडली. सेक्रेटरींना पाण्याचा टँकर आठवला आणि त्यांच्यामागून खोली रिकामी झाली. बेन तेवढ्या राहिल्या.

"म्हणजे एवढी वरसं मी गोळीच्या पाया पडले?"

"माफ करा, बेन," वहिनी म्हणाली.

"माफ काय? गोळीने माणूस घरात राहिला ना? मग बरोबर पडले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचं दुखणं आटोक्यात होतं. बेन थेपले घेऊन आल्या होत्या. राउंडला आलेली नर्स दादाला झोप लागली का विचारत होती आणि तो उत्तर देत नव्हता.

"जरा थांबा हं," वहिनी म्हणाली, "तोंडात व्यसनाच्या औषधाची गोळी आहे, विरघळू दे." हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की बाजूच्या खाटेवरच्या आजोबांनीही समजूतदारपणे मान डोलावली.

दादा ओठ मिटून हसायला लागला.

"हसू नका हो," वहिनी त्याचा हात धरत म्हणाली. "खांदा दुखेल."