एका फळीवर दोन पेंटर

अकोल्याच्या बाजारातल्या पाट्या त्या काळी मीच रंगवीत असे. एका कापड दुकानदाराला मराठी आणि उर्दू अशी जोडपाटी हवी होती. उर्दू मला येत नव्हते. त्याने अमरावतीहून दुसरा पेंटर आणला आणि दोघांसमक्ष सांगितले, ज्याचे काम सरस उतरेल त्यालाच अमरावतीच्या नव्या दुकानाची पाटी मिळेल.

पाटी दुकानावर चढवलेली होती. तिच्यापुढे बांधलेल्या फळीच्या डाव्या टोकाला मी, उजव्या टोकाला तो. वरची मराठी ओळ माझी, खालची उर्दू त्याची.

खालून चहावाला ओरडला, "काहो, तुमी इकून, ते तिकून, मंदात टक्कर होईन ना!"

"टक्कर कायची?" अमरावतीचा पेंटर माझ्याकडे पाहून हसला. "मंदात फोन नंबर हाय. नंबर तं उस्तादच्याच बाजूनं चालते."

मला यात आशा दिसली. उर्दू ओळ उजवीकडून निघते, तिच्यातले आकडे मात्र डावीकडून वाचायचे. म्हणजे जागा सोडून पुढे जायचे, आकडे काढत मागे यायचे. अंदाज चुकला की आकडे चेंगरणार. मी त्याचीच वाट पाहत होतो. त्याने खडूची खूणही केली नाही. वीतभर जागा सोडली, पलीकडून आकडे काढत आपल्या अक्षरांपर्यंत आला, आणि आकड्यांना वळसा घालून ओळ पुढे नेली. शेवटचा आकडा नेमका बसला.

त्याच्याकडे पाहता पाहता माझे अंतर बिघडले. शेवटची तीन अक्षरे शिरोरेघेखाली दाटीने उभी राहिली.

"उस्ताद, पुसून घ्या. रंग ओला हाय अजून," तो हळूच म्हणाला. "घासलेट देऊ?"

"तुमचं पाहा तुमी."

त्याच्या घासलेटाने मी पुसणार नव्हतो. अक्षरे तशीच वाळली.

अमरावतीची पाटी त्याला मिळाली, दोन्ही ओळींसह. काम चालू असताना मी मुद्दाम तिथे गेलो. मराठी ओळीचे शेवटचे अक्षर त्याने उजव्या टोकाला आधीच काढले होते आणि तो डावीकडे सरकत होता. अक्षरे मोकळी, सारखी. बराच वेळ उभा राहिलो. चूक सापडली नाही.

त्याने मला पाहिले. "उस्ताद, या ना वर! तुमचं टोक रिकामंच हाय."

मी चढलो नाही. परतीच्या बसमध्ये, पुढच्या पाटीचे शेवटचे अक्षर कुठे बसवायचे, एवढाच विचार केला.