वीतभर धुरा

मी हैदराबादला शिकायला निघाले, तेव्हा अंजनगावच्या स्टँडवर बाबा आणि युसूफचाचा एसटीच्या वेगवेगळ्या खिडक्यांशी उभे होते. आमच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं जुनं भांडण. एकमेकांशी बोलायचं तर मधे कोणीतरी लागे.

"तुह्या बापाले सांग, पोट्टी चालली तं रडू नको म्हणा," चाचा म्हणाले.

"त्याले सांग, आपले डोळे पूस पहिले," बाबा पलीकडून म्हणाले.

दोघांच्या पायांना एकाच वावराची माती होती. त्या वर्षांत पिकानं सगळ्यांनाच दगा दिला होता. आमचा एक बैल विकला गेला, त्यांचाही एक. उरलेले दोन एका जुवाखाली आले. सकाळी त्यांचं वावर, दुपारी आमचं. आणि वखर धुऱ्याशी आला की भांडण.

विद्यापीठात संस्कृतींच्या संघर्षावरच्या थिअरी वाचल्या. एक पक्ष म्हणे, श्रद्धा वेगळ्या असल्या की माणसं कधी ना कधी समोरासमोर येणारच. दुसरा म्हणे, श्रद्धा हे निमित्त. खरी मारामारी जमिनीची, पाण्याची, आणि टंचाईत ती पेटते. तिसऱ्याचा भरवसा सहवासावर: माणसं एकत्र राबली की मनं जुळतात. सेमिनारमध्ये मी तिघांच्याही बाजूनं बोलू शकत असे. पण दर वेळी ती बैलजोडी आडवी येई. आम्ही बौद्ध, ते मुसलमान. भांडण मात्र वीतभर मातीचं. टंचाईनं तर आम्हाला एकत्र आणलं. आणि एकत्र राबूनही धुरा काही मिटला नाही.

मी जाण्याआधीच्या पेरणीला आसपास दंगलीच्या अफवा उठल्या होत्या. बाजार बंद. कोणी कोणाच्या मोहल्ल्यात जाईना. वावराला नेमका वाफसा आलेला. ओल उडाली तर पेरणी हातची जाणार होती. बाबा आपला एक बैल घेऊन धुऱ्यावर उभे राहिले. ऊन चढलं. मला वाटलं, ही जोडी आता सुटली.

मग चाचा बैल हाकत आले. घरच्यांनी अडवून धरलं होतं, हे नंतर कळलं. बाबा त्या दिवशी त्यांच्याशी थेट बोलले.

"काऊन बे, एवढा उशीर?"

"तू धुरा कोरून राहिला असशील, म्हणून लपून पाहत होतो," चाचा म्हणाले आणि त्यांनी जू उचललं.

प्रबंधात मी लिहिलं, की भांडत भांडत सोबत राहायची सवय या तिन्ही थिअरींच्या नजरेतून सुटते. एका धुऱ्यावरून जगाचा नियम निघत नाही, हेही लिहिलं. त्या पुस्तकांचे माझ्यावर उपकार आहेत. ती नसती, तर आपल्याच वावरात पाहण्यासारखं काही होतं हे मला कळलंच नसतं.

यंदा बाबा गेले. सगळं आटोपल्यावर चाचा मला धुऱ्यावर घेऊन गेले. वाद मिटला, असं ते म्हणतील याची मला भीती वाटत होती. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून निघालेल्यांनो, तुम्हीच सांगा: घर आता बंदच असतं; हाही वाद मिटला असता, तर तिथं माझं काय उरलं असतं?

चाचांनी काठीनं माती टोकरली. "तुह्या बापानं इथून वीतभर कोरलं."

"चाचा, कोरलं तुमी."

त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "हां, अशी बोल. आता माह्याशी थेटच भांडाचं. मधात कोणी नाई राहिलं."

दिवस मावळेपर्यंत आम्ही भांडत होतो.