बेनिफिटचा रकाना

"सायेब, बोर्डावरनं माजा फोटो तेवढा काढा," मारुतीअण्णा म्हणाले. त्या फोटोखाली मीच मोठ्या अक्षरांत टाईप करून लावलं होतं, 'बेस्ट इम्प्रूव्हमेंट'.

मी बेळगावातल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअर आहे. साच्यातून काढलेल्या कास्टिंगच्या कडांना जादा लोखंड राहतं. ते घासून काढायचं काम म्हणजे फेटलिंग. ते अण्णा करतात. ते पर्मनंट. त्यांच्या जोडीला परशा होता, कॉन्ट्रॅक्टवरचा. दोघे खानापूरकडच्या एकाच गावचे, एकाच मोटरसायकलवरून यायचे. परशाला कामाला अण्णांनीच लावलेलं.

जड कास्टिंग दोघांनी वाकून उचलायचं आणि टेबलावर ठेवायचं, दिवसभर हेच. परशाची कंबर धरली. तेव्हा अण्णांनी भंगारातले पाईप जोडून एक उतरतं स्टँड बनवलं. पाईप जागच्या जागी फिरायचे. ट्रॉलीतून कास्टिंग नुसतं ढकललं की थेट टेबलावर. वाकणंच संपलं.

मी तर खूशच झालो. "अण्णा, ह्याला इम्प्रूव्हमेंट म्हणतात. फॉर्म भरू या."

"म्हंजे काय हो?"

"सुधारणा. होतं त्यापेक्षा बरं करणं."

"मग व्हय की. परशाला लई बरं वाटालंय आता."

फॉर्ममध्ये तीन रकाने. आधी काय होतं, नंतर काय झालं आणि बेनिफिट. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, 'कंबरदुखी कमी झाली.' मॅनेजरांनी फॉर्म परत केला.

"हे मोजणार कसं? इम्प्रूव्हमेंट म्हटलं की आकडा पाहिजे. टाईम, स्क्रॅप, नाहीतर मॅनपॉवर."

"सर, टाईम तेवढाच लागतो."

"आणि माणसं? आता एकट्याने होतं ना?"

होत होतं. कंबरदुखी खोडून मी लिहिलं, 'मॅनपॉवर: दोनवरून एक', आणि सही ठोकली. खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. माझ्या सेक्शनचा बोर्डावर लागणारा तो पहिलाच फोटो होता.

फोटो लागला, टाळ्या झाल्या. पुढच्याच सोमवारी परशाला गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

आणि आता अण्णा माझ्यासमोर उभे होते. "त्या कागदात काय लिवलंय, वाचून दावा."

मी वाचलं.

"कंबरंचं कुटं हाय?"

"ते... खोडलं, अण्णा."

"परशाची बायको माज्या दारात येऊन बसलीया. म्हणते, भावजी, तुमीच लावलासा आन् तुमीच काढलासा." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "तिला काय सांगू सायेब? सुधारणा केली म्हणून सांगू?"

मी मॅनेजरांकडे गेलो, परशाला परत घ्या म्हणालो. "खाली सही तुमचीच आहे," एवढंच ते म्हणाले. फोटोही निघाला नाही. ऑडिट जवळ आलं होतं, बोर्ड भरलेला दिसायला हवा होता.

अण्णा आता एकटेच येतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात. स्टँड उत्तम चालतं. माझ्या सेक्शनमधली कामगारांची सूचनापेटी मात्र तेव्हापासून रिकामी आहे, आणि त्यावरून माझ्या अप्रेझलमध्ये शेरा आला, 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'.

एवढं शिकलो, की ज्याचं नाव फॉर्मवर घालायचं, त्याला आपण सही ठोकण्याआधी तो फॉर्म वाचून दाखवावा. अण्णांनी तो आकडा कधीच लिहू दिला नसता.

परशा हल्ली मार्केट यार्डात पोती उचलतो. त्याच कंबरेनं.