मोर्चासाठी क्लच प्लेट

थोरल्या भावाची पिकअप लष्कराच्या लिलावातली होती. रे रोडच्या वखारीतले लाकूड ओढता यावे म्हणून त्याने तिच्यात मोठ्या ट्रकचे इंजिन बसवले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाउडस्पीकर नेण्याचे त्याने कबूल केले आणि त्याच आठवड्यात क्लच प्लेट जळाली.

लालबागच्या गॅरेजात मिस्त्रीने दोन प्लेटी दाखवल्या. कडक प्लेट ओझे ओढणारी होती, पण तिच्यामुळे गाडी हिसका देऊन सुटत असे. नरम प्लेटीने गाडी अलगद निघे, पण ओझ्याखाली ती घसरे.

"लाकूड ओढायचं तर कडकच घे," मिस्त्री म्हणाला.

"गाडीपुढे बायकांची रांग आहे. आई आहे त्यात."

"मग विचारतोस कशाला?"

भावाने नरम प्लेट बसवली. मोर्चात मी त्याच्या शेजारी बसलो होतो. आईच्या पाठीमागे हातभर अंतर ठेवून गाडी पावलापावलाने चालली होती. मात्र प्रत्येक नाक्यावर माणसे मागे चढत होती. आम्ही ती हिशेबात धरलीच नव्हती.

परळच्या पुलाच्या चढावर जळका वास आला. इंजिन ओरडत होते, गाडी हलेना. गाडी मागे घरंगळू नये म्हणून भावाने ब्रेक दाबला. मागेही माणसेच होती.

"उतरा रे!" तो ओरडला. घोषणांत कोणी ऐकले नाही.

आई वळली. "मेल्यांनू, उतरा खाली! पायांक काय झाला तुमच्या?"

माणसे उतरली आणि त्यांनीच गाडी ढकलत वर नेली. उतार लागला, तेव्हा बायका पुन्हा पुढेच होत्या. खाली पोहोचेपर्यंत भावाने ब्रेकवरचा पाय उचलला नाही.