काचेत पाणी नव्हतं

अण्णा गेला हे सांगायला त्याचा मुलगा मुरली सकाळी आला, तेव्हा मी डोशाचं पीठ काढत होते. "आत्या, अण्णा गेले," एवढंच म्हणाला आणि रडू लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला स्वतःला रडू आलं नाही. सख्खा थोरला भाऊ, वडिलांमागे मला वाढवणारा... आणि माझे डोळे कोरडे. याला महिना होऊन गेला. घरातले सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलून झाले. आता मी लिहिते आहे.

आम्ही तंजावरकडचे. वडील गेल्यावर अण्णा आईला आणि मला घेऊन मद्रासला आला, एका खासगी बसकंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि बघता बघता फोरमन झाला. गाड्यांच्या दिव्यांवर त्याचा भारी जीव. इथला कार्तिकातला पाऊस आडवा मारतो. हेडलाइटच्या काचेभोवतीचं रबर उन्हाने तडकलेलं असायचं, तिथून पाणी आत शिरायचं, काच आतून धुरकट व्हायची आणि उजेड मरायचा. अण्णा काच उतरवायचा, दिवा उन्हात सुकवायचा, खाली पाणी निथळायला असलेलं बारीक भोक तारेने मोकळं करायचा आणि नवं रबर बसवायचा. मग वरून पाणी मारून बघितल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. मी डबा घेऊन गेले की हे सगळं मला समजावून सांगायचा, जणू उद्या मीच कामाला लागणार होते! त्याच कंपनीतले ड्रायव्हर वेंकटराव त्यानेच माझ्यासाठी पाहिले. "शांत माणूस आहे. गाडी जपून चालवतो," म्हणाला. लग्नानंतर तर दोघांचं इतकं जमलं की रविवारी अण्णा आमच्याकडे आला की मला कोणी विचारायचंही नाही.

पुढे एका पावसाळ्यात हे दुपारी जेवायला आले ते कुरकुरतच. "डाव्या दिव्यात पाणी भरतंय. अण्णाने उघडून बघितलं, रबर पार कुजलंय. नवं शिल्लक नाही. गाडी ठेवू या म्हणाला, पण मालक ऐकत नाहीत." शेवटी अण्णाने दिवा सुकवला, फट बुजवायला कडेने लांबीचा लगदा चोपडला आणि गाडी दिली. "आजची फेरी निभावेल, उद्या बघू," असं त्यानेच यांना सांगितलं होतं. संध्याकाळी कांचीपुरमच्या रस्त्यावर पाऊस कोसळला. दिव्यात पाणी शिरून बल्ब गेला आणि डाव्या कडेने सायकल ढकलत चाललेला माणूस यांना दिसलाच नाही. तो जगला, पण त्याचा पाय गेला.

काच धडकेत फुटून गेली होती. आत काय होतं ते सांगू शकणारा माणूस एकच, अण्णा. चौकशीत यांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "याला विचारा, याला सगळं ठाऊक आहे." अण्णा म्हणाला, "काचेत पाणी नव्हतं. दिवा मी स्वतः तपासून दिला होता." यांची नोकरी गेली, लायसन्स गेलं. घरी येऊन हे म्हणाले, "त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं..."

मी तशीच उठून अण्णाच्या घरी गेले. त्याने नाकारलं नाही. "खरं बोललो असतो तर मालकांनी दोघांनाही काढलं असतं. आता एक चूल तरी पेटती राहील. तुमचं मी बघेन."

"एक चूल म्हणजे तुझी," मी म्हणाले. तशीच परत फिरले. त्याने पाठवलेलं तांदळाचं पोतं मी दारातून परत पाठवलं.

यांनी पुन्हा गाडी चालवली नाही. टी. नगरमधल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालत राहिले. पाय गेलेल्या माणसाला अधूनमधून भेटून यायचे, त्या दिवशी जेवायचे नाहीत. लग्नकार्यांत नातेवाईक मागे कुजबुजायचे, जावई बेफिकीर निघाला म्हणून. अण्णा तिथेच असायचा, पानसुपारी वाटत. भाऊबिजेला मी त्याला पुन्हा कधी ओवाळलं नाही. हे गेले तेव्हा तो खांदा द्यायला आला आणि मी नको म्हणू शकले नाही.

मी एका गोष्टीवर दिवस काढले. मला वाटायचं, वर्षानुवर्षं तेच सांगून त्याला ते खरं वाटू लागलं असेल. माणसाचं होतं असं. तेराव्याला मुरली मला अंगणात घेऊन गेला. त्याच्या स्कूटरच्या हँडलला एक मऊ पंचा बांधलेला होता. "हा अण्णांचा. पाऊस आला की माझ्या आधी उठायचे, दिव्याची काच पुसायचे, मला बटण दाबायला लावायचे. उजेड नीट पडलेला बघितल्याशिवाय मला जाऊ द्यायचे नाहीत. का ते कधी बोलले नाहीत."

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. दर पावसात आठवत होतं. हे त्याच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आमच्या घरात जिवंत होते, तेव्हाही... मुरली म्हणाला, "आत्या, आठवण म्हणून तूच घेऊन जा ना हा." मी त्याला खाली बसवलं आणि यांच्याबद्दल, त्या दिव्याबद्दल सगळं सांगितलं. पंचा तिथेच राहू दिला.